हेरोद कोण होणार?
२३ डिसेंबर, बिलोली

चर्चच्या भिंतींना आज चुना मारायचा होता, पण हात कमी पडले. निम्मी माणसं कापसाच्या नाही तर तुरीच्या रानात. नाताळ नेमका सुगीत येतो. रोजगार बुडवून सण कुणाला परवडतो? दुपारी शाळा सुटल्यावर लेकरं आली आणि कामाला रंग चढला. बांबूच्या कामट्यांचा तारा झाला, त्याला पतंगी कागद लागला, मग शेपूट किती लांब ठेवायचं यावर तासभर भांडण! बायका करंज्या लाटत होत्या. शेजारच्या चाची परात द्यायला आल्या आणि सारणात साखर कमी आहे, असं बजावून गेल्या.

संध्याकाळी गाण्यांची तालीम. आमचं गाव तेलंगणाच्या सीमेवरचं, त्यामुळे आज्जी तेलुगूत सुरू करतात, पोरं मराठीत उचलतात. पेटी, ढोलकी, टाळ सगळं हवंच. कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत भजन-कीर्तन रुजवलं, त्याचं ऋण इथे रोज फेडलं जातं, बेसूर का होईना. मामांचा विषय मात्र दरवर्षी एकच: सीमेपलीकडचं मेदकचं भव्य चर्च. दुष्काळात मिशनरी पोस्नेट साहेबांनी भुकेल्यांना काम देऊन ते उभारलं, २५ डिसेंबर १९२४ ला अर्पण केलं. ऐकायला मला अजून आवडतं.

उद्याच्या ख्रिस्तजन्माच्या नाटकाला मेंढपाळ भरपूर, देवदूत त्याहून जास्त. दुष्ट हेरोद राजा व्हायला कुणी तयार नाही. मामांना विचारून बघते. मिशा तर आहेत.