ऐंशी हजारांची सायकल

पुणे, रविवार

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

फोटो पाहिला. सायकल देखणी आहे, कबूल. काळीभोर, कार्बनची, खोल रिमची चाकं आणि हँडलवरून पुढे निघालेली ती दोन शिंगं. विकणारा मागतो ऐंशी हजार, तुझ्याजवळ आहेत बरोबर ऐंशी हजार. अशा वेळी देव पावल्यासारखं वाटतं. मलाही वाटलं होतं.

२०१९ साली मिरामारला गोव्याची पहिली ७०.३ ट्रायथलॉन व्हायची होती, तेव्हा मी अशीच एक जुनी ट्रायथलॉन सायकल उचलली. फ्रेम ५६ची, मला लागते ५४. 'सीट पुढे घ्या, स्टेम आखूड टाका, बसते की,' असं विकणारा म्हणाला आणि मी ऐकलं. १.९ किलोमीटर पोहणं निभावलं. पण सायकलच्या ९० किलोमीटरपैकी निम्म्याहून जास्त मी बाहेरचं हँडल धरून, ताठ बसून काढले, कारण मान धरली होती. पैसे मोजले वारा चुकवण्याचे आणि छाती काढून वारा खात गेलो. पुढच्या २१ किलोमीटर पळण्याबद्दल विचारूच नकोस.

सपाट रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरच्या वेगाला आपली बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि हवेला सगळ्यात जास्त आडवं येतं ते सायकलपेक्षा आपलं अंग. १९८९च्या टूर द फ्रान्सच्या शेवटच्या दिवशी ग्रेग लेमाँड ५० सेकंद मागे होता. व्हर्सायहून पॅरिसपर्यंतच्या साडेचोवीस किलोमीटरांत त्याने ते भरून काढले आणि अख्खी टूर ८ सेकंदांनी जिंकली. त्याच्याकडे ट्रायथलॉनवाल्यांनी आधीच वापरात आणलेला एरोबार, म्हणजे तुझ्या फोटोतल्यासारखी शिंगं, होता. आघाडीवरच्या लॉराँ फिन्याँची दोन्ही चाकं डिस्कची होती, एरोबार मात्र नव्हता. (फिन्याँला त्या दिवशी सीटवर बसणंही जड जात होतं, हेही खरं. सगळं श्रेय त्या नळीला देत नाही.)

तेव्हा तू साधी अ‍ॅल्युमिनियमची रोड बाईक घे, कार्बनच्या फोर्कची, पंचावन्न हजारांच्या आत बसेल ती. गिअर सोरासारख्या सुरुवातीच्या श्रेणीचे मिळाले तरी पुष्कळ. हँडल गोल नळीचं हवं. चपट्या हँडलवर क्लिप-ऑन एरोबारची पकड बसत नाही. क्लिप-ऑन काही हजारांत येतात. ते लावल्यावर सीट थोडी पुढे आणि किंचित वर घ्यावी लागते, नाहीतर वाकल्यावर मांड्या पोटाला भिडतात. ट्रायथलॉन सायकलीची सीटची नळी मुळातच जास्त उभी असते, ती यासाठीच. हे घरी अंदाजाने करू नकोस. जाणकाराकडून फिट करून घे, त्याचे पैसे आधीच बाजूला काढ.

उरलेले टायरवर घाल. नव्या सायकलीला बहुधा स्वस्त, जड टायर येतात. ताशी २८ने ९० किलोमीटरला ३ तास १३ मिनिटं लागतात, २९ने ३ तास ६. एवढ्या धडपडीने वाचवलेली सात मिनिटं एका पंक्चरमध्ये जातात. ट्यूब बदलायचा सराव घरी बसून कर, घड्याळ लावून.

आणि तू राहतेस कोल्हापुरात! रोजचा सराव पन्हाळ्याच्या, ज्योतिबाच्या रस्त्याला. ट्रायथलॉन सायकलीत गिअर असतात शिंगांच्या टोकाला आणि ब्रेक बाहेरच्या हँडलवर. समोर उसाची ट्रॉली आली की हात कुठून कुठे न्यायचा? रोड बाईकवर दोन्ही एकाच मुठीत.

त्या काळ्या सायकलीची फ्रेम तुझ्याच मापाची निघाली, तर मात्र बघायला जा. पेडलच्या जोडापाशी आणि हँडलच्या खाली कार्बनला तडा आहे का ते उजेडात पाहा. सीटपोस्ट वर-खाली करून दाखवायला सांग. घामाच्या मिठाने कधी कधी ती आत धरलेली असते आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असतं. दाखवायला टाळाटाळ केली तर चहा घेऊन परत ये.

त्याआधी एक काम. अनवाणी भिंतीला टेकून उभी राहा, दोन पायांच्या मध्ये पुस्तक घट्ट वर धर आणि जमिनीपासून पुस्तकाच्या कडेपर्यंत ताईला टेपने मोजायला सांग. फ्रेमचं माप काढायला तो आकडा आज रात्री कळव. तोवर विसार देऊ नकोस.

तुझा
मामा