नौकेवरील विजेचा जमाखर्च

पस्तीस वर्षें मुलांना त्रैराशिक शिकविलें. परंतु त्या त्रैराशिकाशीं आपल्याच जिवाची गांठ पडेल असें कधीं वाटलें नव्हतें. गेल्या वर्षीं धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांकडे इंग्लंडांत कॉर्नवॉल प्रांतीं राहावयास गेलों होतों. हे चिरंजीव फाल्मथ बंदराजवळ नोकरीस असून त्यांना शिडाच्या नौकेचा नाद आहे. आमच्या घराण्यांत हा नाद पूर्वीं कोणास नव्हता; समुद्राशीं आमचा संबंध काय तो पर्वकाळच्या स्नानापुरता.

याच फाल्मथहून १९६८ सालीं रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन निघाले, आणि कोठेंहि न थांबतां, एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करून १९६९ सालीं तेथेंच परत आले. त्यांची ‘सुहेली’ मुंबईस सागवानांत बांधलेली होती हें ऐकून माझी छाती उगीचच फुगली. आमच्या पुतण्याची नौका सागवानी नव्हे. १९७४ सालची, तीस फूट लांबीची, कांचतंतूंची. “जुनी आहे, पण हाडाची बळकट आहे,” असें तो म्हणे. हाडें बळकट होतीं खरीं. शिरा, म्हणजे विजेच्या तारा, मात्र नौकेच्याच वयाच्या होत्या.

ऑगस्टांत आम्ही हेलफर्ड नदीच्या मुखाशीं नांगर टाकून रात्रीं राहिलों. मी खालच्या खोलींत ‘मेघदूत’ वाचीत पडलों होतों. वाचतां वाचतां डोळा लागला आणि उशाशीं दोन दिवे रात्रभर जळत राहिले. पहांटे वारा फिरून पूर्वेचा झाला. ती जागा पश्चिमेच्या वाऱ्यास आडोशाची, पूर्वेस अगदीं उघडी. नौका किनाऱ्याच्या खडकांकडे ओढूं लागली. पुतण्यानें इंजिनाची किल्ली फिरविली, तों नुसता ‘टक्’ असा आवाज झाला. पुन्हां फिरविली, तेंच. खडक आमच्या शाळेच्या पटांगणाच्या अंतरावर होते. त्यानें साखळी सर्व सोडली, तेव्हां नांगर कसाबसा धरला. मग शीड उभारलें, सूनबाईनें सुकाणू घेतलें, आम्हीं दोघांनीं साखळी ओढली आणि नौका तिरकी तिरकी घेत बाहेर आलों. माझ्या तळहातांची सालें निघालीं, पण त्यांचें दुःख करण्यास तोंड कोठें होतें?

अपराध माझा, हें मीं लागलीच कबूल केलें. पुतण्या म्हणाला, “काका, अर्धा माझा आहे.” नौकेवर दोन बॅटऱ्या होत्या, एक घरखर्चाची, दुसरी इंजिन चालू करण्याची. मधल्या कळीनें हवी ती एक घ्यावी किंवा दोन्ही जोडाव्या. तो ती कळ ‘दोन्ही’वर विसरला होता, त्यामुळें माझ्या दिव्यांनीं आणि फ्रिजनें इंजिनाचाहि ठेवा खाल्ला.

घरीं येतांच नवें यंत्र कोणतें घ्यावें याची चर्चा सुरू झाली. मीं म्हटलें, आधीं खर्चाची वही, मग मिळकत. बारा व्होल्टांचा हिशेब मांडला. फ्रिजला साडेतीन अँपिअर लागतात व तो दिवसाकाठीं निम्मा वेळ चालतो, म्हणजे ४२ अँपिअर-तास; खोलींतले दहा वॉटचे तीन दिवे चार तास, १०; नांगराचा दिवा रात्रभर, ७; रेडिओ व इतर उपकरणें, १२. एकूण ७१. घरखर्चाची बॅटरी ११० ची. परंतु शिशाच्या बॅटरींतून निम्म्याहून अधिक वारंवार उपसल्यास तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें. म्हणजे खर्चास ५५ च. अशा संसाराचें दिवाळें निघणार नाहीं तर काय!

मिळकतीच्या बाबतींत माझा ओढा पवनचक्कीकडे होता. फुकटचा वारा, तोहि रात्रंदिवस! पण पुतण्यानें दाखवून दिलें कीं, वाऱ्याचा वेग निम्मा झाला तर शक्ति अष्टमांश होते. आणि नांगर टाकावयाचा तो मुद्दाम आडोसा पाहूनच. शिवाय तिची घरघर उशाशीं. पेट्रोलच्या जनरेटरास सूनबाईनें साफ नकार दिला, आणि तें योग्यच केलें: त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला वास नाहीं, निजलेला माणूस उठत नाहीं, पेट्रोलची वाफहि हवेहून जड, ती नौकेच्या तळाशीं सांचून ठिणगीची वाट पाहते. इंजिन तासन्‌तास नुसतें चालवून बॅटरी भरावी, तर शेवटचा पांचवा हिस्सा फार सावकाश भरतो, आणि बिनभाराचें डिझेल इंजिन आंतून खराब होतें.

लिथियमच्या बॅटरीचा मोह पुतण्यास फार होता. वजन कमी, उपसा चार-पंचमांशापर्यंत चालतो. परंतु ती वीज इतक्या आधाशीपणें ओढते कीं, इंजिनावरचा जुना अल्टरनेटर तापून जळावयाचा. तो बदला, नियंत्रक बदला, तारा बदला. पन्नास वर्षांच्या नौकेस हा लग्नखर्च मला पटला नाहीं, आणि मीं तसें स्पष्ट सांगितलें. तो दोन दिवस गप्प होता.

शेवटीं घरखर्चास शिशाच्याच दोन बॅटऱ्या झाल्या, इंजिनाची निराळी, मधली कळ काढून टाकली. मागच्या बाजूस, डोलकाठीची सावली पडणार नाहीं अशा जागीं, शंभर वॉटचीं दोन सौर पॅनेलें बसविलीं. एवढ्याशा सावलीनेंहि त्यांचें उत्पन्न फार घटतें. सर्व दिवे एलईडीचे केले. फ्रिजवर मात्र खडाजंगी झाली. तो काढावा असें माझें मत. सूनबाई म्हणाली, “काका, दूध नासलें तर चहा कशाचा देऊं?” यावर मजजवळ उत्तर नव्हतें. त्याच्या भिंतींस जाड अस्तर लावून रात्रीं तो बंद ठेवावयाचें ठरलें. नवा खर्च चाळिसाच्या आंत आला. बऱ्या उन्हाच्या दिवशीं मिळकत पन्नासाच्या आसपास.

गेल्या महिन्यांत हेलफर्डहूनच सूनबाईचा निरोप आला: सकाळीं बॅटरी १२.६ व्होल्ट, आणि खालीं दह्याच्या वाटीचें छायाचित्र. माझ्या निजावयाच्या फळीवर तिनें एक हातबत्ती टांगून ठेविली आहे म्हणे. तिची बॅटरी निराळी आहे.