एकास सत्त्याऐंशी

माणूस १९ मिलिमीटरचा. लिंबाचं जुनं झाड १७ सेंटीमीटरचं. रेल्वेचा डबा १४ सेंटीमीटरचा आणि डोक्यावरचा फेटा जेमतेम ३ मिलिमीटरचा. गेली तीन वर्षं काहीही दिसलं की मी त्याला मनातल्या मनात ८७ ने भागतो. एका लग्नाच्या पंगतीत समोर बसलेल्या गृहस्थांकडे मी इतका वेळ टक लावून पाहिलं की त्यांनी ओळख निघते का म्हणून गाव विचारलं. त्यांच्या फेट्याचा शेमला कशाने करावा, एवढंच मी पाहत होतो.

एकास सत्त्याऐंशी हे छोट्या रेल्वेच्या जगातलं सर्वांत चालणारं प्रमाण, एचओ. एका फुटाला साडेतीन मिलिमीटर. आपल्याकडे मुहूर्तही साडेतीन आणि शक्तिपीठंही साडेतीन, तेव्हा आकडा परका वाटला नाही. पण या प्रमाणात भारतीय गाडी करायला बसलं की पहिल्याच दिवशी अडतं. बाजारातला रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा असतो आणि तो युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या रुळाशी चोख जुळतो. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. भागाकार १९.३ च्या आसपास येतो. पावणेतीन मिलिमीटरचा फरक. इंजिन आपलं, पायात चपला दुसऱ्याच्या. पाहणाऱ्याला कळत नाही, आणि बहुतेक सगळे शहाणे लोक हा फरक मुकाट सोडून देतात. मला तो रात्री आठवायचा.

मग एकदा ७६२ ला भागून पाहिलं. अडीच फुटी नॅरोगेज. उत्तर आलं ८.७६, आणि बाजारात ९ मिलिमीटरचा रूळ सर्रास मिळतो. चूक फक्त पाव मिलिमीटरची! मी बार्शी लाइट करायची ठरवली ती या पाव मिलिमीटरसाठी, असं मी पाहुण्यांना सांगतो. खरं तर माझं आजोळ त्या लाइनीवर.

कुर्डुवाडी ते बार्शी ही पहिली लाइन १८९७ ची. तिचा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. रूळ हलका हवा, वारभर लांबीला तीस पौंडांचा, आणि गाडीच्या कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, हा त्याचा हिशेब. इंजिन असो की मालडबा, नियम सगळ्यांना सारखा. गाडी १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. याच कॅलथ्रॉपने पुढे विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी पॅराशूट तयार केलं, त्याचं नाव ‘गार्डियन एंजल’. वजन कशावर आणि किती टाकायचं, हा या माणसाचा जन्मभराचा विषय असावा. १९५४ मध्ये लाइन सरकारने घेतली आणि आता ती सगळी ब्रॉडगेज झाली आहे. म्हणजे मला मोजायला जागेवर काहीच उरलेलं नाही.

त्यामुळे माझं स्टेशन कुठलं खरं स्टेशन नाही. ते कुर्डुवाडी आणि पंढरपूरच्या मध्ये कुठेतरी आहे. हा पळपुटेपणा म्हणा, पण त्याच्यामागे भूमितीही आहे. एक किलोमीटर म्हणजे या प्रमाणात साडेअकरा मीटर. चारशे मीटर त्रिज्येचं साधं वळण घ्यायचं तर साडेचार मीटरहून अधिक त्रिज्या लागते. माझ्याकडे आहे हॉलमधली एक भिंत आणि ८ फूट बाय २ फूट प्लायवुड. मालधक्क्याच्या तीन सायडिंगांची एक झाली. पाण्याची टाकी राहिली. स्टेशन मास्तरचं घर गेलं, पण घरामागची न्हाणी ठेवली, कारण तिच्या सांडपाण्यावर वाढलेली केळ मला आठवत होती. कागदावर दर वेळी काहीतरी खोडताना हे नेमकं स्टेशन कशामुळे होतं, ते कळत गेलं. सिग्नलमुळे नव्हतं, एवढं नक्की.

गाडी येते कुठून आणि जाते कुठे, हा मांडणीतला खरा पेच. गोल रूळ टाकला तर गाडी स्वतःच्याच शेपटीमागे धावते, आणि तिसऱ्या फेरीला ती खेळणं होते. यावर नाटकवाल्यांचा उपाय चालतो: विंग. दोन्ही टोकांना अडीच-अडीच फुटांच्या सुट्या फळ्या जोडायच्या, त्यांवर गाड्या तयार उभ्या ठेवायच्या आणि प्रवेश आला की एकेक सोडायची. माझी कुर्डुवाडीची विंग डावीकडे कॅलेंडरखाली आहे. पंढरपूरची उजवीकडे, दारातून बेडरूममध्ये शिरते. गाड्या चालू असताना ते दार लावता येत नाही. आषाढीला जादा गाड्या सोडायचं माझ्या मनात होतं, पण घरातून परवानगी मिळाली नाही.

फळी छातीच्या उंचीवर आहे, साडेचार फुटांवर. खाली ठेवली तर घारीसारखं पाहावं लागतं, आणि घारीने स्टेशन कधी स्टेशन म्हणून पाहिलेलं नाही.

मग दिवस ठरवायचा. सगळ्या ऋतूंमध्ये एकदम उभं असलेलं स्टेशन नसतं. मी १९७५ च्या आसपासचा चैत्र घेतला, दुपारचे चार. यात आळसही आहे: ज्वारी काढून झालेली, रानं नांगरून पडलेली, त्यामुळे हिरवं फार करावं लागत नाही. सुतळी बारीक कातरून कडब्याची गंजी केली. काळी माती मात्र खरी हवी म्हणून आजोळच्या शिवारातून पिशवीभर आणली. उन्हात वाळवली, कुटली, मलमलीच्या फडक्यातून चाळली. तरीही त्या जगात तिचा कण जाड. आपल्या घरातला ०.१ मिलिमीटरचा धुळीचा कण तिथे हरभऱ्याएवढा होतो, तर मातीची काय कथा. शिवाय आपली माती बेसॉल्टची. तिच्यात चुंबकाला चिकटणारे कण असतात आणि ते इंजिनाच्या मोटारीत जाऊन बसतात. म्हणून परातीत माती पसरून मी तीन संध्याकाळी तिच्यावरून लोहचुंबक फिरवत होतो. प्रत्येक फेरीला चुंबकाला काळी मिशी फुटायची.

प्रमाणात न येणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. लांबी ८७ पट कमी केली की वजन ८७ च्या घनाने कमी होतं. तीस टनांचं इंजिन ४५ ग्रॅमवर, अंड्याएवढ्या वजनावर येतं. इतकं हलकं चाक रुळाला नीट टेकत नाही, आणि वीज तर रुळातूनच घ्यायची असते, बारा व्होल्टची. म्हणून बॉयलरमध्ये शिसं भरलं. रुळाचंही तसंच. माझा रूळ १.४ मिलिमीटर उंच, म्हणजे तिकडे १२ सेंटीमीटर. कॅलथ्रॉपच्या हलक्या रुळापुढे तो पैलवान दिसतो. त्याच्या कडा गंजाच्या तपकिरी रंगाने रंगवल्या आणि मातीत निम्मा बुडवला, तेव्हा तो जरा रोडावला. वेग मात्र नेमका साधता येतो. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेनऊ सेंटीमीटर. आठ फुटांची माझी सगळी दुनिया पार करायला गाडीला २५ सेकंद लागले पाहिजेत. पाहायला येणारी मुलं “पळव की!” म्हणतात. पळवली की ती पुन्हा खेळणं होते, आणि मुलांना हवं असतं तेच.

पहिल्या पावसाळ्यात सगळं फसलं. प्लायवुड मी खालून न रंगवता वापरलं होतं. जुलैच्या दमटपणाने ते फुगलं, मधला सांधा वर उचलला गेला आणि गाडी रोज एकाच जागी, मालधक्क्यासमोर, आडवी पडू लागली. दोन फूट रूळ उखडून पुन्हा टाकला. खरी लाइन सांभाळणारे गँगमन रोज काय करत असतील, ते तेव्हा जरा कळलं.

कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथे मी आईला एकदा नेलं होतं. सगळे गाड्या पाहत होते आणि ती माणसं पाहत होती. त्यामुळे माझ्या स्टेशनवर माणसं चांगलीच हवीत, हे माझ्या डोक्यात होतं. विकत मिळणारी १९ मिलिमीटरची माणसं जर्मन असतात. कोट, टोप्या, काखेत छत्र्या. कोटाचे पंख तासून सदरे केले. टिश्यूपेपर पातळ फेविकोलमध्ये बुडवून नऊवारीचा कासोटा घातला. एक दाढीवाला प्रवासी वारकरी झाला. त्याच्या हातातला बिअरचा पेला कापून काढायला मला एक रविवार लागला. अशी नऊ माणसं झाली. सगळी फलाटावर, पुढच्या कडेला, दिसतील अशी उभी केली.

आई ऐंशीच्या पुढची. स्टुलावर बसून तिने बराच वेळ पाहिलं. गाडी आली, थांबली, गेली. मी विचारलं, “कसं झालंय?”

“गाडी ब्येस झालीय,” ती म्हणाली. मग, “किती वाजल्यात हितं?”

“चार.”

“चैतात चार वाजता उनात कोण उभारतंय व्हय रं? सगळ्यांस्नी उनात उभा केलास. लिंब कशाला केलास मग?”

मी दिशा लावून पाहिल्या. डावीकडे कुर्डुवाडी म्हणजे उत्तर, उजवीकडे पंढरपूर, दक्षिण. पाहणारा पश्चिमेला उभा, चारचं ऊन त्याच्या पाठीमागून येतं. दिवाही मी तसाच लावला होता. म्हणजे लिंबाची सावली पडते ती झाडाच्या पलीकडे. तांब्याच्या तारा पिळून, महिनाभर खपून केलेल्या त्या १७ सेंटीमीटरच्या झाडाच्या मागे, जिथे पाहणाऱ्याची नजर जात नाही.

आईने चिमट्याने दाखवलं तशी एकेकाला उचललं. दोन बाया बोचक्याला टेकून, वारकरी बुंध्याला पाठ लावून, एक पोर पाराच्या कडेवर. मग ती म्हणाली, “त्यो टोपीवाला ऱ्हाऊ दे फलाटावर. त्याला घाई असंल.”

आता फलाटावर एकच माणूस आहे. घरी येणारे विचारतात, स्टेशन इतकं सुनं का? कधी आलात तर समोरून पाहू नका. डावीकडे, कॅलेंडरखाली, कुर्डुवाडीच्या बाजूला या आणि जरा वाका.