खाऊची डबी

आमच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची 200 लिटरची काचपेटी आहे. यजमानांनी निवृत्तीनंतर ती हौसेने उभारली. क्लाउनफिशची एक जोडी, काही सच्छिद्र दगड आणि थोडी मऊ प्रवाळे, एवढाच तिचा संसार. गेल्या पावसाळ्यात त्या दगडांवर हिरव्या केसांसारखे शेवाळ उगवू लागले. आधी नखाएवढे होते, पुढे बोटभर लांब झाले. वाळूवर तांबूस साय धरली. (ही साय शेवाळ नसून जिवाणूंची असते, हे मला पुढे कळले.) मी खरवडून काढावे आणि चार दिवसांत ते पुन्हा उगवावे, असे चालले होते.

यजमानांना विस्मृतीचा आजार जडून तेव्हा दीड वर्ष झाले होते. पेटीची व्यवस्था माझ्याकडे आली होती आणि मला त्यातले काही कळत नव्हते. दुकानदार शेवाळ मारण्याचे औषध देऊ करीत होता. मुलाने ते घेऊ दिले नाही. “आई, ते काय खाऊन वाढतंय ते आधी बघू,” तो म्हणाला. पाणी तपासले तेव्हा नायट्रेट लिटरमागे 50 मिलिग्रॅम निघाले. माशांनी टाकलेला दाणा कुजतो, त्यातून नायट्रेट आणि फॉस्फेट पाण्यात उतरते आणि शेवाळाला आयते खत मिळते. पण मी तर दिवसातून एकदाच चिमूटभर दाणा घालीत असे!

एका दुपारी माझा डोळा लागला होता. जाग आली तेव्हा हे पेटीपाशी उभे होते आणि हातात दाण्याची बरणी होती. “पोरं सकाळपासून उपाशी आहेत गं,” ते म्हणाले. दिवसातून असे किती वेळा होत होते, कोण जाणे. मी संतापले आणि बरणी कुलपात ठेवली. पुढचे दोन दिवस ते पेटीसमोर नुसते बसून राहिले, धड जेवलेही नाहीत. त्या संतापाची मला अजून लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या गोळ्यांची जुनी, सात वारांची डबी धुऊन कोरडी केली आणि प्रत्येक खणात एका दिवसापुरता दाणा भरला. आता दाणा तेच घालतात. पुन्हा विचारले की मी रिकामा खण दाखवते. बहुधा पटते. नाही पटले, तर दोन कण हातावर ठेवते; तेवढ्याने काही बिघडत नाही.

बाकीचे उपाय साधे होते. दिवा 11 तासांऐवजी 7 तास ठेवला. नळाच्या पाण्याऐवजी शुद्ध केलेल्या आरओ पाण्यात मीठ कालवून दर आठवड्याला 20 लिटर पाणी बदलले. तेही अर्ध्या अर्ध्या बादल्यांनी, कारण माझी कंबर पूर्वीची नाही आणि ओल्या फरशीची मला धास्ती आहे. शेवाळ हाताने उपटले आणि उरलेले जुन्या दातघासणीने घासले. मला मधुमेह आहे. पेटीतल्या पाण्यातील जंतू हातावरच्या बारीक जखमेतून शिरू शकतात, म्हणून डॉक्टरांनी लांब रबरी हातमोजे सक्तीचे केले. शेवाळ खाणाऱ्या चार गोगलगायी आणल्या. सारे निवळायला तीन महिने लागले.

मागच्या दगडाच्या खाचेत अजून थोडे शेवाळ आहे. ते मी तसेच राहू दिले आहे. काल शुक्रवारचा खण रिकामा करून झाल्यावर यजमान माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “आणि तू? तू जेवलीस का?”