काटा खरं बोलतो का?

सासऱ्यांनी मागे तीन गोष्टी ठेवल्या: कोथरूडचा फ्लॅट, पुस्तकांची दोन कपाटं आणि १९५२ सालची एमजी टीडी. पहिल्या दोनांवरून घरात वाद नाही. तिसरीवरून दर रविवारी असतो.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन दारं, दोन सीटा, कापडी टप, साडेबाराशे सीसीचं इंजिन. २०१९ पासून आपल्या रस्त्यांवर एमजी हेक्टर दिसते, तिच्याशी हिचं नातं आडनावापुरतंच. ही इंग्लंडात ॲबिंग्डनला बनलेली. सासूबाईंचं म्हणणं, विकून टाका, सांभाळणार कोण? बायकोने सुवर्णमध्य काढला होता. "चालतेय तोवर ठेवू. इंजिन उघडायची वेळ आली की देऊन टाकू." बोलताना ती दुसरीकडेच बघत होती, त्यामुळे मी काही वाद घातला नाही.

तर मंडळी, गेल्या हिवाळ्यात अस्मादिकांना हुक्की आली, की ही गाडी आपल्या गावाला न्यायची. गाव म्हणजे जाफराबाद, जिल्हा जालना. खेळणा आणि पूर्णेच्या संगमावरचं. पुण्याहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. निघायच्या आधी शहरातल्या एका गॅरेजमधून व्यवस्थित सर्व्हिसिंग करून घेतलं. पहाटे निघालो, जालन्याला जेवलो, राजूरच्या गणपतीला हात जोडले आणि उन्हं कलताना घरासमोर थांबलो. पोरं गोळा झाली. मी जरा ऐटीत इंजिन चालूच ठेवलं होतं आणि सहज डॅशबोर्डकडे नजर गेली.

ऑइल प्रेशरचा काटा दहावर.

आता आपल्या नेहमीच्या गाड्यांत असा काटा नसतोच. तेलाच्या किटलीचं चित्र असलेला लाल दिवा असतो, आणि तो लागतो तेव्हा प्रेशर जवळपास संपलेलं असतं. (तो चालत्या गाडीत लागला तर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ वगैरे म्हणू नका. बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. लगेच.) टीडीला मात्र खराखुरा काटा आहे. इंजिनातलं तेल एका बारीक नळीतून थेट त्याच्यापर्यंत येतं. आणि जुन्या गाड्यांच्या मंडळींचा ढोबळ हिशेब मी नेटवर वाचला होता: दर हजार आरपीएमला दहा पीएसआय, आणि रस्त्यावर चाळीस ते साठ. वाटेत मला जेमतेम पस्तीस दिसले होते.

गॅरेजला फोन लावला. तिकडून शांतपणे उत्तर आलं, "बेअरिंग गेली असणार. इंजिन खाली घ्यावं लागेल." बायकोने ऐकलं. "बरं," एवढंच म्हणाली आणि काकूला मदत करायला आत गेली.

रात्रभर मला झोप नाही.

सकाळी मोठे काका म्हणाले, "काहून तोंड पाडून बसून राह्यला? चल शेतात." काकांचा कपाशीला ठिबक आहे. मोटर चालू केली, फिल्टरजवळचा घड्याळासारखा गेज दाखवला. काटा एक किलोवर. काकांनी एक व्हॉल्व्ह उघडून आणखी एक प्लॉट जोडला, काटा खाली आला. "मोटर बिघडली का आता?" नाही. "पाणी कमी झालं का?" तेही नाही. पाण्याला जायला वाट जास्त मिळाली, म्हणून दाब उतरला. मग म्हणाले, "आन् नळ्या क्षारानं बुजल्या की हाच काटा वर चढतो. तवा लोक खूश होतात, आन् झाड मरतं."

बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढून जे मला कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं ते हे. इंजिनातही अगदी असंच आहे. तळाशी सम्प, त्यात तेल. गिअरवाला पंप फक्त तेल ढकलतो, तो प्रेशर बनवत नाही. प्रेशर येतं ते तेलाला बेअरिंगमधल्या बारीक फटींतून निसटायला किती त्रास होतो त्यातून. फट झिजून मोठी झाली की प्रेशर कमी. तेल गरम होऊन पातळ झालं की कमी. आरपीएम उतरले, म्हणजे पंप सावकाश फिरला, की कमी. आणि थंडीत पहिल्या स्टार्टला काटा साठाच्या वर जातो तो इंजिन तरुण झालं म्हणून नव्हे, तेल घट्ट आहे म्हणून. फार वर जाऊ नये यासाठी स्प्रिंगचा एक रिलीफ व्हॉल्व्ह असतो, कुकरच्या शिट्टीसारखा. थोडक्यात काय, एका आकड्यात चार गोष्टी मिसळलेल्या, आणि गॅरेजवाल्याने फोनवरून त्यातली सगळ्यात महागडी उचलली होती.

"पण हा काटा खरं बोलून राह्यला का, ते आधी पाहू," काका म्हणाले आणि चक्क ठिबकचा गेज खोलून घरी घेऊन आले. आटे जुळेनात, म्हणून गावातल्या लेथवाल्याकडून पितळेचा जोड करून आणला. त्यात अर्धा दिवस गेला. इंजिन पूर्ण गरम केलं, आयडलवर सोडलं. काकांचा गेज म्हणाला ०.७ किलो. एक किलो म्हणजे सव्वाचौदा पीएसआयच्या जवळपास. गुणाकार केला: दहा.

काटा खरं बोलत होता. माझी उरलीसुरली आशाही गेली.

ठिबकचा गेज काढायला पाना हवा होता, म्हणून बॉनेटखालचा टूलबॉक्स उघडला. पान्यांच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक छोटी वही होती. बायकोने अक्षर ओळखलं आणि तिथेच, ओट्यावर, वाचत बसली. तारीख, मैल, हवा, थंड आयडल, गरम आयडल, रस्त्यावर. २००४ पासून २०१९ पर्यंत, महिन्यातून एकदा तरी. गरम आयडल: १९. २०. १८. १९. पंधरा वर्षं तेच. आणि प्रत्येक ऑइल बदलीपुढे लाल शाईत तेलाचा ग्रेड, २०-५०.

मी धावत जाऊन सर्व्हिसिंगचं बिल काढलं. सिंथेटिक, ५-३०. नव्या गाडीला अमृत, पण या जुन्या, सैल फटींच्या इंजिनात गरम झाल्यावर फारच पातळ.

लगेच नाचलो नाही हं. आधी तेल सोडलं. पांढऱ्या फडक्यातून गाळलं, बोटांवर चोळून पाहिलं, उन्हात धरलं. बेअरिंग खरंच खाल्ली असती तर धातूची चमक दिसायला हवी होती. दिसली नाही. २०-५० गावात मिळालं नाही, ट्रॅक्टरच्या दुकानात २०-४० मिळालं. तेच भरलं, चिखलीच्या रस्त्याला तासभर फिरवून आणली. रस्त्यावर पन्नास. घरासमोर गरम आयडल: सतरा.

ऑफिसात आम्ही हेच करतो. सर्व्हरचा आलेख लाल झाला की पहिला प्रश्न असतो, "काल याच वेळी किती होता?" आणि दुसरा, "मधे कुणी काय बदललं?" घरची गाडी म्हटल्यावर दोन्ही विसरलो, नेटवरचा ढोबळ हिशेब धरला आणि एका फोनवर निकाल मान्य केला. वही नसती तर कदाचित एक धडधाकट इंजिन उघडलं असतं. किंवा न उघडताच गाडी गेली असती.

इंजिन शंभर टक्के ठीक आहे असं यावरून म्हणता येत नाही, हेही कळतं. सतरा आणि एकोणीसमधला फरक तेलाचा की झिजेचा, ते पुढची चार-सहा वाचनं सांगतील. पुण्यात पोचल्यावर २०-५० भरायचं आहे. काकांचा गेज रॉकेलने धुऊन परत ठिबकवर लागला. त्याला अजून तेलाचा वास येतो अशी काकूंची तक्रार आहे :)

विकायचं पुन्हा कुणी काढलेलं नाही. ठेवायचं ठरलं असंही नाही. पण निघायच्या दिवशी सकाळी मी सामान बांधत होतो, तेव्हा बायको ती वही घेऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसली होती. वडिलांच्या शेवटच्या ओळीखाली तिने तारीख घातली आणि मला विचारलं, "गावाचं नाव लिहू का? बाबा लिहायचे नाहीत."

लिही म्हटलं.

"जाफराबाद. ऊन. गरम आयडल १७. तेल २०-४०."