लळिंगची चढण

निकाहला आठच दिवस झाले होते. आम्ही दोघंही शिक्षक. एक जळगावात, एक धुळ्यात. सुनेनं नोकरी सोडावी, असं घरच्यांचं म्हणणं. महाबळेश्वर परवडणारं नव्हतं, म्हणून भर पावसाळ्यात धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यावर गेलो.

फारुकी सुलतानांच्या काळातला हा किल्ला चढताना धाप लागली. पायाखालचा काळा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. धुळे परिसरात जमिनीच्या भेगांतही तो थिजला. भोवतालचा खडक झिजला, तशा त्याच्या भिंती उघड्या पडल्या.

वर टाक्याजवळ जुहरची नमाज अदा केली, कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला. तिथंच ठरलं: नोकरी कुणीच सोडायची नाही, बदली मागायची. चार वर्षं लागली. अल्हमदुलिल्लाह, आज दोघंही शिकवतो आहोत.