अनणसुख

तथागतांनी श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, ती अंगुत्तरनिकायात आलेली आहेत. कष्टाने व न्यायाने मिळविलेले धन आपल्यापाशी आहे, हे अत्थिसुख. त्या धनाचा उपभोग घेता येतो आणि त्यातून सत्कर्मही करता येते, हे भोगसुख. आपण कोणाचे थोडे वा फार काहीच देणे लागत नाही, हे अनणसुख. आणि आपली काया, वाचा व मन निर्दोष आहे, हे अनवज्जसुख. यांतले चौथे सुख सर्वश्रेष्ठ मानले आहे. परंतु आमच्या बीड जिल्ह्यात तिसऱ्या सुखाची ओळखच अनेक घरांना पिढ्यान्‌पिढ्या झालेली नाही. म्हणून या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा शाळेच्या आठवणींऐवजी घरातल्या कर्जाविषयी लिहावे, असे आम्ही ठरविले.

आपल्या शाळेतल्या मुलांना कर्ज हा शब्द शिकवावा लागत नाही. दसरा उलटला की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसे ऊसतोडीला सांगली, कोल्हापूर व कर्नाटकाकडे जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्या कोयत्यावर मुकादमाकडून हंगामापूर्वी उचल घेतलेली असते. हिशेब सोपा आहे. समजा, एक लाख रुपये उचल आहे. टनाला ३५० रुपये दर धरला आणि जोडीने दिवसाला दोन टन ऊस तोडला, तर दिवसाचे ७०० रुपये होतात. उचल फिटायला १४३ दिवस लागतात, आणि तेही एकही खाडा न होता. मधल्या काळात पोटाला लागते ते वेगळेच. कारखान्याचा पट्टा लवकर पडला, बाई आजारी पडली, पाऊस आला, की बाकी राहते आणि ती पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते. माणूस कामाचे पैसे घेत नाही, घेतलेल्या पैशांचे काम करीत राहतो. १९७६ साली देशात वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला. तो आम्ही वर्गात शिकवितो, तेव्हा मागच्या बाकावरची मुले आमच्याकडे ज्या नजरेने पाहतात, तिचे उत्तर पाठ्यपुस्तकात नसते.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हांस एक गोष्ट नेहमी लक्षणीय वाटत आली आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. पुढे ते लोण नगर जिल्ह्यातही गेले. उठाव करणाऱ्यांचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नव्हता, त्यांच्या दप्तरावर होता. कर्जरोखे, खतपत्रे बाहेर काढून जाळली गेली. ज्या कागदावर आपला अंगठा आहे पण ज्यातले अक्षर आपल्याला लागत नाही, त्या कागदाची ती भीती होती. त्यानंतर इंग्रज सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. आमचा बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तरी अंगठा आणि कागद यांचे नाते इकडेही निराळे नव्हते.

आज अंगठ्याच्या जागी सही आली, सहीच्या जागी मोबाईलवरचा ओटीपी आला. आपल्या शाळेतून शिकून गेलेली मुले शिक्षक, तलाठी, पोलीस, परिचारिका, अभियंते झाली. पगाराचे खाते उघडताच बँकेचा प्रतिनिधी क्रेडिट कार्ड घेऊन दारात येतो. ज्या घराला गावातला दुकानदार उधारी द्यायला कचरत असे, त्या घरातल्या मुलाला लाखाची पत मिळते. तो सन्मान वाटतो, आणि वाटणे स्वाभाविक आहे. मात्र कार्डाची पत ही आपली मिळकत नव्हे, हे सांगणारे घरात कोणी नसते. आईबापांनी फक्त मुकादमाची वही पाहिलेली असते.

दोन वर्षांपूर्वी एक माजी विद्यार्थी आमच्याकडे आला. नोकरी चांगली होती, घर नेटके होते. पिशवीतून त्याने तीन कार्डांची बिले काढून आमच्यापुढे ठेवली. एकूण देणे १,८०,००० रुपये. पहिले कार्ड त्याने कशासाठी वापरले, हे ऐकून आम्ही क्षणभर काही बोललो नाही. आईवडिलांचा कोयता कायमचा सुटावा म्हणून मुकादमाची बाकी त्याने कार्डावरून रोकड काढून फेडली होती. पुढे बहिणीचे लग्न, मग वडिलांचे दवाखान्याचे बिल. एका वहीतली बाकी दुसऱ्या वहीत गेली होती. घरात त्याने कोणालाच सांगितले नव्हते. वडील गावभर अभिमानाने सांगत होते की, पोराने आम्हाला मोकळे केले.

आम्ही कोरा कागद घेतला. दरमहा साडेतीन टक्के व्याज, म्हणजे ६,३०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१३४ रुपये. दोन्ही मिळून ७,४३४. बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून ५ टक्के, म्हणजे ९,००० रुपये दाखविलेले. तो ती रक्कम प्रामाणिकपणे भरत होता आणि आपण कर्ज फेडतो आहोत असे समजत होता. प्रत्यक्षात मुद्दल कमी होत होते १,५६६ रुपयांनी, आणि किराणा कार्डावरच चालल्याने तेवढे पुन्हा वाढत होते. बिल पूर्ण भरणाऱ्याला साधारण दीड महिन्यापर्यंत बिनव्याजी सवलत मिळते. थकबाकी राहिली की नव्या खरेदीवरही ती सवलत उरत नाही, आणि काढलेल्या रोकडीवर तर पहिल्याच दिवसापासून व्याज चढते. हे सारे कार्डासोबतच्या कागदावर लिहिलेले होते. आपली पहिली शिकलेली पिढी तो कागद वाचू शकत होती, पण तो वाचायचा असतो हे तिला कोणी सांगितले नव्हते.

वाट त्याच कागदावर सापडली. नोकरदारांच्या पतसंस्थेतून सालीना १२ टक्क्यांनी कर्ज मिळत होते. १,८०,००० रुपयांवर पहिल्या महिन्याचे व्याज १,८०० रुपये. तेच ९,००० रुपये तिथे भरले, तर ७,२०० रुपये मुद्दलात जातात आणि दोन वर्षांच्या आत खाते निरंक होते. अटी दोनच घातल्या. तिन्ही कार्डे त्याच आठवड्यात फेडून लेखी अर्जाने बंद करायची, कारण ती चालू राहिली तर पतसंस्थेचे कर्ज आणि कार्डाचे कर्ज अशी दोन जोखडे मानेवर येतात. आणि त्याच रात्री घरी सर्वांना बसवून हा कागद दाखवायचा. पहिली अट त्याला सोपी वाटली. दुसरीला तो रडला.

पुढे त्यानेच सांगितले ते असे. वडिलांनी कागद उलटसुलट पाहिला आणि एवढेच विचारले, “व्याज कुणीकडं जास्त होतं, मुकादमाकडं का इकडं?” मग बायकोने किराण्याचा खर्च स्वतःच्या वहीत घेतला, आईने शेळ्या वाढविल्या, वडिलांनी नवी मोटारसायकल नको म्हणून सांगितले. खाते बाविसाव्या महिन्यात बंद झाले. आम्हांस त्यातून एवढे कळले की, घरातले कर्ज एकट्याने लपविले तर त्याचे व्याज मनावरही चढते. ते घराने मिळून वाचले, तर निम्मे ओझे त्याच दिवशी उतरते.

परंपरेने आपल्याला सांगितले की, मनुष्य देव, ऋषी आणि पितर यांचे ऋण घेऊनच जन्माला येतो. बौद्ध म्हणून आम्ही जन्माने आलेले कोणतेही देणे मानत नाही. कर्ज हा माणसामाणसांतला व्यवहार आहे. त्याला तारीख असते, दर असतो आणि अंत असतो. ते पाप नाही, प्रारब्धही नाही. म्हणून त्याची लाज बाळगण्यापेक्षा त्याचा हिशेब मांडावा.

सगळे कर्ज वाईट, असेही आमचे म्हणणे नाही. भीमरावांच्या पुस्तकांसाठी सुभेदार रामजी आपल्या विवाहित लेकींकडे जात आणि पैसे नसले तर त्यांचा दागिना गहाण ठेवीत. १९२० मध्ये लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी बाबासाहेब निघाले, तेव्हा त्यांचे मित्र नवल भथेना यांनी त्यांना पाच हजार रुपये उसने दिले. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ते ऋण उभे करणारे होते. आज आपल्या वस्त्यांत पंचशील ग्रहण करून, हार घालून पूर्ण होणाऱ्या विवाहाला हळदीचा मांडव, डीजे आणि हजार पानांचे जेवण जोडले गेले आहे. विधी साधा राहिला आणि खर्च मात्र आपण टाकून आलेल्या धर्माचा राहिला. हे ऋण कोणाला उभे करते, याचा विचार विहारात बसून व्हायला हवा.

काही गोष्टी पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवाव्यात. देणे फेडून कार्ड बंद करण्याचा अर्ज दिला की बँकेने ते सात कामकाजाच्या दिवसांत बंद केले पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. थकबाकीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि सायंकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांत बदनामी यांना तर मुळीच परवानगी नाही. परवान्याशिवाय सावकारी करणे हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करता येते. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. आपल्या जिल्ह्यात अलीकडे किती घरांच्या ठेवी अडकल्या, हे सर्वांसमोर आहे. आणि कोणाला जामीन राहताना ते कर्ज आपलेच आहे असे समजून सही करावी.

सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक उपभोगाला, दोन उद्योगाला आणि चौथा संकटासाठी राखून ठेवायला. आजच्या पगारात चौथा भाग निघणे अवघड आहे. दहावा भाग निघाला तरी पुरे. पण तो पहिल्या तारखेला काढावा, महिनाअखेर उरेल तो नव्हे. येत्या सत्रापासून आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्याचा एक तास घरखर्चाची वही लिहायला शिकवावी, अशी सूचना आम्ही शाळेपुढे ठेवीत आहोत. बँकेत, पतसंस्थेत, सहकार खात्यात असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी त्या तासाला येऊन शिकवावे. ज्या मुलांचे आईबाप आज उसाच्या फडात आहेत, त्यांना उचलीचा हिशेब मुकादमाच्या वहीशी ताडून पाहता आला, तर या शाळेने लावलेले अक्षर कामी आले असे आम्ही समजू.

जयभीम. नमो बुद्धाय.